वैयक्तिक कारणास्तव

"मॅडम, एक रुपयासुद्धा कापला नाही. पूर्ण टोकन परत."

इमारतीच्या गेटलगतच्या बिल्डरच्या ऑफिसात मॅनेजरने चेक माझ्याकडे सरकवला. सोबत छापील फॉर्म आणि पेन. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली. फॉर्मवर लिहिलं होतं, 'मी वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने बुकिंग रद्द करत आहे.'

मी काहीच रद्द केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात करारनामा व्हायचा होता.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपवून थेट आले होते. पाथर्डी फाट्याजवळचा हा मी पाहिलेला सातवा फ्लॅट. आधीच्या सहा ठिकाणी गोड बोलून, चहा पाजून, शेवटी जात विचारलीच. इथे कुणी विचारलं नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कळतही नाही. म्हणून टोकन देऊन टाकलं.

"आधीची एक पार्टी होती. आमच्या लक्षातच राहिलं नाही," मॅनेजर म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने टोकन परत मिळवायला दुसऱ्या बिल्डरकडे आठ महिने खेटे घातले. चपला झिजल्या, तरी पूर्ण मिळालं नाही. मला मात्र न मागता, चार दिवसांत. एवढी घाई कसली, ते मला ठाऊक होतं.

रविवारी मी आबांना फ्लॅट दाखवायला आणलं होतं. आबा, माझे वडील. मनमाडला रेल्वेत गँगमन होते. गेटवर त्यांनी सवयीने वॉचमनला हात जोडले. "जय भीम, भाऊ."

"जय भीम, बाबा," वॉचमन हसून म्हणाला.

मॅनेजर शेजारीच उभा होता. त्याचं हसू तिथेच आटलं. लिफ्टमध्ये तो आमच्यासोबत आला नाही. चावी वॉचमनच्या हाती देऊन निघून गेला.

आणि मी काय केलं? रिक्षात आबांवर चिडले. "आबा, सगळीकडे म्हणायलाच पाहिजे का?"

"बरं," आबा म्हणाले. एवढंच.

आज ते परस्पर इथे आले होते, पण आत आलेच नाहीत. गेटबाहेर थांबले. "तू जा. माझ्यामुळं तुझं काम अडायला नको. लय वणवण झाली तुझी."

पेन हातात होतं आणि हे वाक्य कानात. लाज वाटली. मॅनेजरची नाही, माझी. ज्या माणसाने उन्हातान्हात रूळ ठोकून मला शिकवलं, त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. या लोकांच्याही आधी.

"रद्द तुम्ही करताय. कारण तुम्ही लिहून द्या," मी म्हणाले.

"आमचा हाच फॉर्मॅट आहे, मॅडम."

मी ती छापील ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मी बुकिंग रद्द केलेले नाही. मला हे घर हवे आहे.' सही केली. मोबाईलवर फोटो काढला. चेक परत त्याच्याकडे सरकवला.

"पैसे तुमचेच अडकतील," तो म्हणाला. आता आवाजात गोडवा नव्हता.

अडकतील. माहीत आहे मला. माझी कित्येक वर्षांची बचत आहे ती. पुढे वकील, अर्ज, हेलपाटे. मी आधीच थकले आहे. लढायची हौस कुणाला असते?

बाहेर आबा उन्हात उभे होते. "मिळालं का?"

"टोकन परत घेतलं नाही, आबा."

मी वॉचमनकडे वळले आणि ऑफिसात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "जय भीम, भाऊ." त्याने आधी ऑफिसकडे पाहिलं, मग हळूच हात जोडले. त्याला नोकरी आहे. मी समजू शकते.

टोकनची पावती माझ्या पर्समध्ये आहे. घर मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण मला नाकारायचं असेल तर त्यांनी कारण लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी. त्यांचा नकार मी माझ्या सहीने देणार नाही.