दोन चाव्यांचा स्टार्टर

“सर, हे दोन चाव्यांचं खूळ काढून टाका,” मी मीटिंगमध्ये सरळच म्हणाले.

सणसवाडीत आमची छोटी कंपनी आहे. आम्ही मोबाईल स्टार्टर बनवतो. म्हणजे विहिरीवरच्या मोटरला जोडायचा डबा. आत सिमकार्ड असतं, त्यामुळे घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करता येते. डिझाईन माझ्याकडे. कंपनी सचिन सरांची, आणि ही त्यांची दुसरी. पहिलीही स्टार्टरचीच होती. ती बुडाली.

ट्रायलसाठी सरांनी राहू गावातली दोन भावांची एक सामाईक विहीर निवडली होती. आप्पा थोरले, तात्या धाकटे. एक आठवडा पाणी आप्पांचं, पुढचा तात्यांचं. याला पाळी म्हणतात. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. तरी दर सोमवारी सकाळी दोघंही विहिरीवर येत. आप्पा म्हणत, “घे.” तात्या म्हणत, “व्हय.” की निघाले दोघं दोन दिशांना. डब्याचा साधा स्क्रूसुद्धा आणायच्या आधी सर तिथं जाऊन नुसते बसायचे. इकडे डेडलाईन डोक्यावर, आणि माझा जीव टांगणीला.

माझा उपाय सोपा होता. सोमवारी ॲपच पाळी बदलेल, म्हणजे ज्याची पाळी त्याच्याच फोनवरून मोटर चालेल. सरांना मात्र पॅनलवर बँकेच्या लॉकरसारखी दोन कुलपं हवी होती. दोघा भावांकडे एकेक चावी. दोन्ही एकदम फिरल्या तरच पाळी बदलणार.

“मग मोबाईल कशाला? लोकांचा हेलपाटा वाचवायलाच ना?”

“पहिल्या कंपनीत तेच केलं,” सर म्हणाले. “शिरूरकडे भावाभावांच्या विहिरीवर डबा बसवला. त्यांचं विहिरीवर येणंच थांबलं. मोटर कुणी बंद केली यावरून फोनवर शिव्या. आता कोर्टात आहेत, आणि विहीर बंद. म्हणून हल्ली हेलपाटा दिसला की आधी बघतो, तो कशासाठी आहे.”

मला पटलं नाही. पण कंपनी त्यांची. चाव्या बसल्या.

पुढं एका सोमवारी मी पॅनल तपासायला राहूला गेले होते. तात्या चावी घेऊन आले. आप्पा आलेच नाहीत. उन्हं वर आली.

“तात्या, मी लॅपटॉपवरून पाळी बदलून देते. दोन मिनिटांचं काम.”

“नगं ताई. आप्पानं सोमवार कवा चुकवला न्हाई.”

आणि तात्या चालू लागले, थेट आप्पांच्या घराकडे. वाटणीनंतर त्या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. मी मागोमाग गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. आप्पा गोठ्यात पडले होते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. आमच्या सर्व्हिसच्या गाडीत घालून दौंडला नेलं. वाटभर तात्यांनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, पण बोलणं गेलं.

पाळी आप्पांच्याच फोनवर अडकलेली. मी पुन्हा लॅपटॉप काढला.

“ऱ्हाऊ द्या तशीच,” तात्या म्हणाले. “त्यांच्याच फोनवरनं दोघांच्या कांद्याला पाणी देतो.”

आप्पा घरी आले, जरा सावरले, तेव्हा तात्यांनी त्यांना गाडीवर पुढ्यात बसवून विहिरीवर आणलं. आप्पांनी डाव्या हातानं चावी लावली. ओठ हलले. शब्द काही फुटेना. पुन्हा हलले.

“घेतली, आप्पा,” तात्या म्हणाले, आणि दोघांनी चाव्या एकदम फिरवल्या.

मला रडू आलं. पॅनलमागच्या वायरी तपासायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.

आता ते मॉडेल बाजारात आहे. डीलर विचारतात, दोन चाव्या कशाला? कॅटलॉगमध्ये ‘सेफ्टी’ असं छापलंय. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.