रॉड गप्प झाल्यावर

दार बंद केलं की आमच्या तपासणीच्या खोलीत असा अंधार होतो की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही. वनिता माझ्यासमोर खुर्चीवर बसली होती. मशीनच्या दिव्यावर आम्ही काळी पट्टी चिकटवतो. तिच्या कडेनं कणभर उजेड पाझरत असतो. थोड्या वेळानं तेवढ्यावरच मला माझ्या कोटाची बाही दिसू लागली, मग टेबल, मग वनिताच्या कपाळाची कड. सगळं पाण्याखालून वर यावं तसं.

“वनिताताई, काही दिसतंय का?”

“काईच नाही, म्याडम. तुमी कोनीकडे बसल्या?”

मी हातभर अंतरावर होते.

मी अमरावतीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, डॉक्टरांसाठी तपासण्या करते. त्यातली एक ईआरजी. हृदयाचा जसा ईसीजी, तसा हा रेटिनाचा. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. पेशंटला आधी अंधारात बसवायचं, मग डोळ्यावर लाइटचा फ्लॅश टाकायचा आणि पडद्यातून उठणारी वीज कागदावर उतरवायची.

वनिता बाळापूरकडची. घरी झेंडू आणि शेवंतीचं वावर. लहानपणापासून दिवस मावळला की तिला दिसायचं नाही. जाड भिंगाचा चष्मा होता, पण त्यानं संध्याकाळ काही उजळत नव्हती. मागे एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदा सुकत चाललाय, हळूहळू दिवसाचंही जाईल. तपासणी कुठलीच झाली नव्हती. आता अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला आमच्याकडे पाठवलं होतं.

अंधारात माणसं जास्त बोलतात. आवाज कुठून येतोय ते कळत नाही, त्यामुळे लाजही वाटत नसावी.

“डोये जातीन म्हणून मी सवय करून राहिली,” ती म्हणाली. “डोये मिटून भाकरी थापतो. हार गुंफतो. पोरगी निजली का तिच्या तोंडावरून हात फिरवतो. नाक, भिवया, सारं पाठ केलं मी.”

“मुलगी केवढी आहे?”

“तिसरीत. परीक्षा झाली का अकोल्याले मामाकडं पाठवून राहिलो. आंधळ्या मायचं करत बसंन का ते?”

अंधारात बसायची वेळ संपली.

मग मी मंद लाल दिवा लावला, तिच्या डोळ्यांत वीज टिपणारा इलेक्ट्रोडचा बारीक धागा बसवला आणि फ्लॅश दिला.

निरोगी डोळ्याच्या ईआरजीत दोन लाटा येतात. आधी एक खाली जाते. ती रॉडची, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींची. मग दुसरी उसळून वर येते. ती रॉडच्या पुढच्या पेशींची, ज्यांना बायपोलर म्हणतात. पडदा सुकत असेल तर दोन्ही लाटा मरगळतात. वनिताची पहिली लाट ठणठणीत होती. दुसरी आलीच नाही. रेघ खाली गेली आणि तिथेच रेंगाळली.

आमचे सर, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, बाहेर ओपीडीत होते. त्यांनी कागद पाहिला. “इलेक्ट्रोड सैल असेल. पुन्हा कर.”

“सर, दोन्ही डोळ्यांना असंच आलंय.”

“मग मशीन तपास.”

आमच्या रिसेप्शनिस्टला बसवून मशीन तपासलं. तिच्या दोन्ही लाटा व्यवस्थित आल्या. मी वनिताला पुन्हा अंधारात बसायची विनंती केली.

“बसतो ना,” ती म्हणाली. “मले काय फरक पडते?”

नवा धागा, नवा कागद. रेघ तीच.

या वेळी सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, “रॉड चांगले आहेत. त्यांचं म्हणणं पुढे पोचत नाहीये.”

हे जरा समजावून सांगते. रॉड अंधारात सतत एक रसायन सोडत असतात, म्हणजे एका परीनं ते अंधारात बोलतच असतात. उजेड पडला की गप्प होतात. ती शांतता बायपोलर पेशी ऐकते आणि ‘उजेड आला’ असा निरोप पुढे पाठवते. वनिताच्या बायपोलरला ती शांतता ऐकूच येत नव्हती. जोडणीतला हा दोष जन्मतः असतो आणि आयुष्यभर तेवढाच राहतो. दिवसा पाहणाऱ्या पेशींना निरोप धाडायला दुसरी एक वाट असते, म्हणून दिवसाचं दिसणं टिकतं.

सरांनी वनिताला आणि तिच्या नवऱ्याला, सुरेशला, आत बोलावलं.

“हा पडदा सुकायचा आजार नाही. दिवसाची नजर यानं जाणार नाही,” सर म्हणाले. “पण संध्याकाळनंतरचं दिसणंही सुधारणार नाही. त्याला आज तरी औषध नाही.”

“म्हंजे आंधळी नाही होणार?” सुरेशनं विचारलं.

“या आजारानं नाही.”

तपासणीआधी घातलेल्या, बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे वनिताला समोरचं धूसरच दिसत असणार. तिनं सुरेशच्या बाहीला हात लावला. “पह्यले मामाले फोन लावा. पोरगी नाही येत म्हणा.”

सुरेश फोन घेऊन बाहेर गेला. ती माझ्याकडे वळली.

“म्याडम, इतके वर्सं मी डोये मिटून पोरीले पाह्यलं. काहून कोणी आधीच नाही सांगतलं?”

वर्षभरानं ती तपासणीला आली. नजर तेवढीच होती, रेघही तशीच. आता फुलं पहाटे अंधारात न तोडता उन्हं वर आल्यावर तोडतात, बाजाराला थोडा उशीर होतो, असं म्हणाली. मुलगी चौथीत, घरीच.

तेव्हापासून रिपोर्टवर नुसतं ‘रातांधळेपणा’ एवढंच लिहून मी थांबत नाही. निरोप कुठे अडलाय, तेही लिहिते. एक ओळ जास्त लागते.