दोधूची आखूड दाताची अळी

नंदुरबारच्या एका कॉलेजात दोधू प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. तापीत उतरायचं, वाळू चाळायची आणि चिलटांच्या लाल अळ्या वेचून आणायच्या, हे त्याचं काम. मग अळीचं मुंडकं छाटून ते काचपट्टीवर उताणं बसवायचं. सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या चिलटांच्या जाती ओळखायच्या त्या जबड्याखालच्या बारीक दातांवरून. नववी नापास दोधूला ते दात एम.एस्सी.च्या पोरांआधी ओळखू यायचे. पोरं त्याचंच बघून जर्नल भरायची आणि वर त्यालाच चहा आणायला पिटाळायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला एक अळी सापडली. बाकी सगळी नेहमीच्या जातीची, फक्त मधला दात आखूड. विभागप्रमुख हेमकांत सरांनी मायक्रोस्कोपातून पाहिलं आणि म्हणाले, "नवी जात दिसते, दोधू. नाव तुझ्या घरातलं देऊ."

"रुपा," दोधू लगेच म्हणाला.

रुपा त्याची पोर. शाळेच्या पटावर नाव चढायच्या आतच तापाने गेली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. सर नाव देऊ म्हणाले तेव्हापासून बायको प्रमिलाबाई रोज संध्याकाळी दारातच पोरीच्या नावाचं विचारायची, "पोरनं नाव लागनं का?"

त्या नावापायी दोधू ऐन पौषात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पायांना चिखल्या पडल्या. एकेक अळी वेगळ्या बाटलीत वाढवली, तिची कात जपली, बाटलीवर स्वतःच्या अक्षरात 'रुपा' आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

एका सकाळी सतराव्या बाटलीतल्या अळीने कात टाकली. कातीतला दात आखूड. अळीचा नवा दात मात्र लांब, टोकदार, नेहमीच्या जातीचा. अळी तीच, जुना दात वाळूने झिजला होता, एवढंच. बाटली मोरीत ओतली असती तर कुणाला कळलं असतं? पण या येड्याला अळीबाबत खोटं बोलता येईना. तो सरांकडे गेला.

"सर, हाई जात येकच शे."

सर हसले. "वाळूत दात झिजतात, दोधू. पुस्तकात आहे."

"मंग तुम्हले पहिलेपासीन माहीत व्हतं?"

"मला दातांच्या झिजेवरच पेपर लिहायचा होता. पोरीचं नाव काढलं नसतं तर तू थंडीत पाण्यात उतरला असतास?"

अशा माणसासाठी खानदेशात शिव्यांचा दुष्काळ नाही. दोधूने एकही न वापरता सतराव्या बाटलीवरची चिठ्ठी सोलून खिशात घातली.

संध्याकाळी प्रमिलाबाई दारात उभी होतीच. "पोरनं नाव लागनं का?"

"लागनं."

"मंग कागद दखाडा."

तिला वाचता येत नव्हतं. दोधूने खिशातून सतराव्या बाटलीची चिठ्ठी काढून दिली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली, कुंकू लावलं, आणि गूळ वाटायला गल्लीत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांना आणखी पन्नास अळ्या हव्या होत्या. दोधू चाळणी घेऊन नदीवर गेला.