रामाजी मास्तर आणि जड आवाजाचा गायक

गांधीबागेत लग्नाच्या बँडवाल्यांची दुकानं एका ओळीत होती आणि प्रत्येक पाटीवर 'सुप्रसिद्ध' हा शब्द होता. नानाजींच्या चंद्रिका बँडच्या पाटीवर तो दोनदा होता. रंगाऱ्यानं सुरुवातीला लिहिला आणि शेवटी जागा उरली म्हणून परत लिहिला. या बँडच्या पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, पंचवीस वर्षं एकच माणूस क्लॅरिनेट वाजवत चालत आला होता. ते म्हणजे रामाजी मास्तर. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके आणि पायात कचेरीच्या चपला. बँडचे बूट त्यांना चावत, आणि चावलेला माणूस मुरकी नीट घेऊ शकत नाही असा त्यांचा अनुभव होता.

एरवी ते रामदासपेठेतल्या एका कचेरीत टपालाची आवक-जावक बघायचे. तिथं त्यांना कोणी मास्तर म्हणत नसे. "रामाजी, चहा सांगून द्या" एवढाच त्यांचा मान. पण लग्नसराईत, रजा टाकून एकदा का तो कोट चढवला, की त्याच कचेरीतले हेडक्लार्क वरातीत बाजूला सरकून त्यांना वाट द्यायचे. माणसाला वर्षातून दोन महिने अशी वाट मिळाली तर बाकीचे दहा महिने चहा सांगायला काही वाटत नाही.

रामाजींचं एक तत्त्व होतं. गाणं वाजवायचं तर जसंच्या तसं. रेकॉर्डवरचा गायक मध्येच श्वास घेत असेल तर क्लॅरिनेटनंही तिथंच श्वास घेतला पाहिजे. यावरून त्यांचं आणि मार्तंडचं रोज वाजायचं. मार्तंड म्हणजे बँडमधला ट्रंपेटवाला, वय वर्षं सव्वीस, केस कानांवरून खाली.

"मास्तर, मूळ गाणं म्हणजे माहेरची पोरगी," मार्तंड म्हणायचा. "आपल्या बँडात आली की सासरी आली. थोडी तरी सासरची रीत नोको का तिले?"

"सासरी येऊन तिनं नाकच बदलून घ्यावं काय?" रामाजी विचारायचे. "तू परवा त्या गाण्यात मधातच शिट्टी टाकली. काहून टाकली गा?"

"मले वाटलं, तिथं मजा येईल."

"रेकॉर्डवाल्याले मजा कळत नाही अन् तुले कळते. नक्कल करायची तर इमानानं करावी. नाहीतर सरळ भजनं वाजव."

त्या वर्षी, म्हणजे एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात, सिनेमात नसलेली, नुसती नाचायची गाणी निघायला लागली होती. चाल अशी, की दाढी करताना डोक्यात शिरली की जेवताना बाहेर निघत नसे. कॉलेजची पोरं वरातीत तीच मागायची. आणि एक दिवस नानाजींनी रामाजींना दुकानात बोलावलं. नानाजी बँडचे मालक, सत्तरीचे, बोलायचे थोडं आणि तेही पान थुंकून झाल्यावर.

"रामाजी, पोरं म्हणून राहिली, चंद्रिका बँड आला की झोप येते."

रामाजींनी क्लॅरिनेट पुसायला घेतलं.

"मनोहररावांच्या पोराचं लगन हाय. त्यांच्या पोरीले, लतिकाले, एकच गाणं पाहिजे, ते नवं, नाचाचं. ते जमलं तर तुम्ही पुढं. नाही जमलं तर पुढं मार्तंड. तुम्ही मागं, झांजांपाशी."

झांजांपाशी म्हणजे ज्यांचे दात गेले, फुंकर गेली, पण घरी बसवायचं जिवावर येतं, अशा मंडळींची जागा. रामाजींचे दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. जीभ सगळ्यांवरून फिरवून त्यांनी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "जमवतो."

गाणं उतरवायची रामाजींची पद्धत ठरलेली होती. इतर बँडवाले टेपरेकॉर्डर वापरायला लागले होते, पण रामाजींचा टेपवर विश्वास नव्हता. सेल उतरले की टेप हळू फिरते, सूर बदलतो. रेकॉर्ड कधी खोटं बोलत नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. म्हणून ते विश्वनाथच्या हॉटेलात जाऊन बसायचे. समोर चहा, हातात सरगम लिहायची वही, आणि बोटं गुडघ्यावर क्लॅरिनेटच्या भोकांसारखी उघडझाप करत. विश्वनाथकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि मोठ्या, ताटाएवढ्या रेकॉर्डी होत्या. हे नवं गाणं मात्र बशीएवढ्या रेकॉर्डवर होतं. त्याच्या साळ्यानं नुकतीच मुंबईहून आणलेली ती बशी विश्वनाथनं प्लेअरवर ठेवली, आणि हॉटेलात एक जाड, दुःखी पुरुषी आवाज पसरला.

गाण्याचे शब्द नाचायला बोलावत होते. आवाज मात्र असा, की गाणारा नुकताच टायफॉइडमधून उठला असावा. कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "मद्रासकडचा दिसते." दुसरे म्हणाले, "तोंडात पान हाय त्याच्या." विश्वनाथ म्हणाला, "मले तर समजतच नाही का नाचाचं गाणं असं रडून काहून राहिला."

"हेच तर नवं हाय," रामाजींनी समजावलं. "आनंदाचं गाणं, पण पोटात दुःख. याले म्हणते भाव. लाव परत."

अठरा वेळा ऐकून त्यांनी ते गाणं उतरवलं. प्रत्येक घसीट, प्रत्येक उसासा वहीत आला. मग पंधरा दिवस तालीम. चौदा वाजवणाऱ्यांना त्यांनी तो भाव अक्षरशः घोटून पाजला. मोठ्या भोंग्यावर साठीचे बुवा होते, त्यांना नवीन गाणं बसायला एरवी महिना लागे. हे मात्र त्यांना आठवड्यात बसलं. "शांत हाय, बरं हाय," ते म्हणाले. मार्तंडलाही शिट्टी टाकायला कुठं जागा सापडेना. घरी रामाजींच्या पत्नी भागीरथाबाई तेवढं म्हणाल्या, "नाचाचं गाणं म्हणता अन् मले तर ऐकून माहेरची आठवण येऊन राहिली." त्यांचं माहेर भिवापूरचं. रामाजींनी ही दादच समजली.

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त संध्याकाळचा, सहा वाजून बावीस मिनिटांचा. वराकडचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, गांधीबागेजवळच्या एका शाळेत. उन्हाळ्याची सुट्टी असल्यानं वर्गावर्गांतून गाद्या पडल्या होत्या. मनोहरराव सकाळपासून हातात घड्याळ घेऊन हिंडत होते. मोठ्या मुलाच्या वरातीत पोरं एकाच चौकात तास-दीड तास नाचली होती आणि मुहूर्त टळून अक्षता पडल्या होत्या. तेव्हापासून मनोहररावांना बँड दिसला की रक्तदाब वाढायचा.

साडेचारला रामाजी व्हरांड्यात बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत धरून ओली करत होते. आत 'सातवी ब'च्या वर्गात बायकांची तयारी चालली होती आणि रेकॉर्डप्लेअर वाजत होता. कुणी बाई काहीतरी टणाटण उड्या मारत गात होती. रामाजींचं अर्धं लक्ष होतं. मग त्यांची बोटं आपोआप हलायला लागली, आणि त्यांना वाटलं, आपलं गाणं उचलून कुणी पळून राहिलं.

ते उठून दाराशी गेले. लतिका, नवरदेवाची बहीण, आरशासमोर केसांत गजरा माळत होती.

"ताई, हे आपलंच गाणं, नाही का? कोण्या बाईनं नक्कल केली याची?"

"नक्कल कुठली, मास्तर? हेच तर मूळ गाणं. तिचंच आहे."

"मग तो पुरुष?"

"कोणता पुरुष?"

"जड आवाजाचा. दुःखी."

लतिकानं गजरा खाली ठेवला. प्लेअरपाशी जाऊन तिनं बाजूची वेगाची खिट्टी पंचेचाळीसवरून तेहतीसवर सरकवली. गाणं मांजरासारखं ओरडत खाली उतरलं, आणि 'सातवी ब'मध्ये तो टायफॉइडमधून उठलेला गृहस्थ हजर झाला.

"हाच," रामाजी म्हणाले. "हाच तो गायक."

लतिका भिंतीला धरून हसली. छोटी रेकॉर्ड जलद फिरवायची असते आणि मोठी हळू, हे तिनं त्यांना हसण्याच्या मधून मधून सांगितलं. विश्वनाथच्या सगळ्या रेकॉर्डी मोठ्या. त्याची खिट्टी जन्मात तेहतीसवरून हलली नव्हती. बिचाऱ्याला खिट्टी आहे हेही ठाऊक नव्हतं.

रामाजी शाळेच्या मागं गेले. मार्तंड, भोंगेवाले बुवा आणि ढोलवाल्याला घेऊन त्यांनी गाणं धावतं वाजवून पाहिलं. तिसऱ्या ओळीत बुवा एक ओळ मागं राहिले, चौथ्या ओळीत खाली बसले. "मले पाणी द्या," ते म्हणाले, "अन् हे गाणं दुसऱ्या कोणाले द्या."

"मास्तर, दुसरंच काही वाजवू," मार्तंड म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच रामाजींना जास्त लागलं.

"लतिकाताईले हेच पाहिजे. नाही वाजवलं तरी मागं, चुकीचं वाजवलं तरी मागं." रामाजींनी कोटाच्या गुंड्या लावल्या. "चाल. जसं बसवलं तसंच वाजवू."

साडेपाचला वरात निघाली. नवरदेव घोडीवर, पुढं त्याच्या मित्रांचा घोळका हातरुमाल बोटांना गुंडाळून तयार. रामाजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मित्रांनी हात वर केले, एक उडी मारली आणि पुढच्या ठेक्याची वाट बघत हात तसेच वर राहिले. ठेका सावकाश आला.

"मास्तर, सेल डाऊन झाले काय?" एकजण ओरडला. वरात हसली. टेपच्या सेलांवर आयुष्यभर टीका केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. रामाजींचे कान कोटाच्या रंगाचे झाले. वाटेतच चंद्रिका बँडच्या दुकानाच्या पायरीवर नानाजी उभे होते. त्यांनी पान थुंकलं नाही, म्हणजे ते काही बोलणार नव्हते, नुसते बघणार होते.

मग यमुताई पुढं आल्या. या मनोहररावांच्या थोरल्या बहीण, गुडघ्यांनी त्रासलेल्या, वरातीत एरवी रिक्षात बसून येणाऱ्या. त्या रिक्षातून उतरल्या आणि म्हणाल्या, "हे गाणं मले जमते." आणि त्यांनी हात हलवत एक पाऊल पुढं टाकलं. ठेक्याला पाऊल, पावलाला ठेका. लतिका खिदळत त्यांच्या शेजारी आली. मग मामी, मग काकू. ज्या बायका वरातीत नेहमी डोक्यावरचा पदर सांभाळत कडेनं चालायच्या, त्या मधोमध येऊन नाचायला लागल्या. या चालीत उडी मारावी लागत नव्हती, पदर पडत नव्हता. कुणी विचारलं असतं तर चालून राहिलो म्हणता आलं असतं.

आणि वरात खरंच चालत होती. उड्या मारणारी वरात एका जागी थांबते, ही थांबेना. पोरांनी रिंगण धरायचा प्रयत्न केला, पण मागून यमुताई संथपणे येत होत्या आणि त्यांच्या पायावर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती. पोरं मुकाट्यानं पुढं सरकली. ज्या चौकात मोठ्या मुलाचा मुहूर्त गेला होता तो चौक मागं पडला, तेव्हा मनोहररावांनी घड्याळ कानाला लावून ते चालू आहे ना, हे पाहिलं.

वरात सहाला दहा मिनिटं असताना मांडवात पोचली. वधूपक्षाची पळापळ झाली. वधूपिता नुसत्या बनियनवर होते, ओवाळणाऱ्या बायका अजून घरात. गांधीबागेत वेळेवर येणाऱ्या वरातीची सवय कुणालाच नव्हती. सहा बावीसला अक्षता पडल्या, आणि मनोहररावांनी भर मांडवात इतका लांब श्वास सोडला की समोरच्या भटजींची शेंडी हलली.

जेवणाच्या पंगतीत वाद पेटला. नवरदेवाचे मित्र म्हणत होते, मूळ गाण्याची पार वाट लावली. यमुताई म्हणत होत्या, मूळच चुकलं असेल, इतकं धावत कोणी नाचते काय, शिजायच्या आधीच उतरवलं त्या बाईनं. लतिका म्हणाली, मला दोन्ही आवडली, पण घरी पहिलं लावीन आणि लग्नाला दुसरं. मार्तंड हातातला घास तसाच धरून सांगत होता, "हीच ती सासरची रीत. मी म्हणूनच राहिलो होतो." या असल्या वादात रामाजी एरवी पहिल्यांदा पडायचे. आज ते पत्रावळीकडे बघत होते. समोरची वांग्याची भाजी ते नुसती एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवत होते.

नानाजी येऊन शेजारी बसले.

"नानाजी," रामाजी म्हणाले, "लपवत नाही. रेकॉर्ड चुकीच्या वेगावर ऐकली मी. तो गायक बाई हाय."

नानाजींनी वरणात भात कालवला.

"मनोहरराव आत्ताच येऊन गेले," ते म्हणाले. "त्यांच्या साळ्याच्या पोरीचं लगन हाय ज्येष्ठात. म्हणे, तेच गाणं, तसंच. पोरगीवाले आत्तापासून विचारून राहिले, का मास्तर तेच राहीन ना?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? राहीन म्हटलं." नानाजींनी घास घेतला. "आता जेवा. मघापासून तोंड पाहून राहिलो तुमचं."

रामाजींनी जेवायला सुरुवात केली. वांगं गेलं, वरण-भात गेला, बुंदी वाढणाऱ्याला त्यांनी तीनदा थांबवलं आणि तिन्ही वेळा पुरे म्हणायचं विसरले. कोटाच्या वरच्या दोन गुंड्या सोडून ते मागं टेकले. इतक्यात मार्तंड समोरून वाकून म्हणाला, "मास्तर, परवाच्या लग्नात कसं वाजवायचं? धावतं का चालतं?"

दुपारपासून मनानं झांजांपाशी जाऊन बसलेले रामाजी सवयीनं बोलून गेले, "मले काय विचारतो गा? पुढच्या रांगेवाल्याले विचार."

"त्यालेच विचारून राहिलो," मार्तंड म्हणाला.