छायाचा अर्धा तास

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. दार लागलं म्हणजे घरात भांडण जुंपलंय, नाहीतर कुणाचं काही बरंवाईट झालंय, असंच लोक धरून चालतात. छायाला हे चांगलं ठाऊक होतं. तरी त्या रविवारी बाराच्या ठोक्याला तिने कडी घातली, कानात इअरफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चौथ्या मिनिटाला दार वाजायला लागलं. उघडते तर समोर सासू कलाबाई, शेजारच्या तिघीजणी, आणि एकीच्या हातात पाण्याचा तांब्या. कुणी चक्कर येऊन पडलं असेल तर असू द्यावा म्हणून.

"दार कसाले लायेल शे व?" कलाबाईने विचारलं.

"परीक्षा शे मन्ही."

"दार लाईसन कोनती परीक्षा ऱ्हास?"

म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. परीक्षाच तशी विचित्र होती.

छाया एकोणिसाव्या वर्षी अमळनेरकडच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेत आली. नवरा हेमराज कापड गिरणीत बारा-बारा तास लूम चालवायचा, ही घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. मग गिरण्यांच्या मागे बायकांसाठी एक छोटं सल्ला केंद्र निघालं. बायकांशी त्यांच्या अहिराणी बोलीत बोलणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. छाया बारावी झालेली, आणि ऐकून घ्यायची तिला जन्मजात खोड. गेली सात वर्षं ती तेच करत आली. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला नुसतं रडू द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगळा अंदाजाचा कारभार. एकदा एका मुलीच्या बाबतीत अंदाज चुकला. ती मुलगी वाचली, पण छायाची झोप गेली ती गेलीच. तेव्हापासून तिला वाटायचं, आपल्याला हे नीट शिकायला मिळावं.

शहरातल्या शिकवण्यांना पदवी लागायची, इंग्रजी लागायचं, आणि फी ऐकूनच माणूस जिना उतरायचा. मग समुपदेशनाचा हा वर्ग सापडला. आठ महिने, दर रविवारी, फोनवर, आणि फी गॅसच्या सिलिंडरएवढी. शिकवणाऱ्या अर्चना मॅडम. त्यांचे वडील बँकेच्या नोकरीत सुरतेला आले आणि इथलेच झाले. मॅडमचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, पण माणूस सरळ. केंद्रानेही याच सुमारास फर्मान काढलं, की दिवाळीनंतर ज्याच्याकडे अशा वर्गाचा दाखला नाही, त्याने सल्ल्याला बसायचं नाही. म्हणजे छायाला दाखला तरी मिळवायचा, नाहीतर पुन्हा टिकल्या.

मध्ये एक घोटाळाही झाला. वर्गासाठी ज्यांचं ऐकून घेतलं, त्या अकरा बायकांची माहिती भरायची होती. त्यात एक रकाना होता, तुमचं नातं काय. छायाने प्रामाणिकपणे लिहिलं: चुलत जाऊ, नणंद, मावससासू, भाचेसून, असं अकराच्या अकराही. मॅडमचा लगेच फोन.

"छायाताई, नात्यातल्या माणसाला समुपदेशन करायचं नसतं."

"मॅडम, आमच्याकडे गाववाले सगळे नात्यातलेच. ते सोडले तर बमरोलीत मला भिंतीच उरतात."

मॅडम हसल्या. पण दोन दिवसांनी त्यांनी दाखल्याची शेवटची अट नीट समजावून सांगितली, तेव्हा त्या हसत नव्हत्या. ऐकणाऱ्याने स्वतःचंही कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर तो आतून कुजतो. म्हणून प्रत्येकीने फोनवर सलग अर्धा तास स्वतःबद्दल बोलायचं. मॅडम फक्त ऐकणार. बोलणं मध्ये तुटलं, तर तो अर्धा तास धरायचा नाही. तीन वेळा संधी. सगळ्या वर्गाला सारखाच नियम.

पहिली संधी दारावर गेली. दुसऱ्या रविवारी छाया गच्चीवर गेली, तर तिथे पापड वाळवणारी शेजारची सुषमा. "बरं झालं आलीस," म्हणत तिने थेट नवऱ्याचं गाऱ्हाणं काढलं. छायाने फोन कानाला लावून दाखवला, तर सुषमा म्हणाली, "बोल तू, मी थांबते." आणि खरंच थांबली. पाचव्या मिनिटाला तिचे डोळे भरून आले, आणि छायाने सवयीने फोन बंद केला. तो बंद करताना तिला स्वतःचाच इतका राग आला, की ती सुषमाचं निम्मं बोलणं ऐकूच शकली नाही.

तसं बघितलं तर तिला अख्ख्या गल्लीचाच वीट आला होता. केंद्रात बायका, जिन्यात बायका, नळावर बायका. घरी कलाबाईची उलटतपासणी. "ती तुले काय सांगस व? माले बी सांग ना." छाया तोंड उघडायची नाही, मग सासू दोन दिवस अबोला धरायची. हेमराज पाळीवरून यायचा तो लूमच्या आवाजाने कान बधिर होऊनच. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून कुणी मनातलं सांगतं का?

तिसऱ्या रविवारी तिने डोकं चालवलं. घरी सांगितलं, कतारगामला ट्रेनिंग आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कतारगामात, हिरे घासणारे सौराष्ट्राकडचे लोक, तिकडे आपल्याला कोण ओळखतं? ती सिटी बसमध्ये खिडकीजवळ बसली, पदर डोक्यावरून ओढला आणि बाराला फोन लावला.

तिने कलाबाईपासून सुरुवात केली, आणि बघता बघता भलतंच बाहेर पडायला लागलं. मला घरी जायची भीती वाटते, ती म्हणाली. संध्याकाळी जिन्यात पाय ठेवला की छातीत धडधडतं. मला कुणाचंच ऐकायचं नाही आता. त्या मुलीने फिनाइल घेतलं, त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याशी तासभर बोलली होती आणि मी तिला घरी पाठवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सासूला सांगितलं, तर उद्या नळावर होईल. मी कुठे सांगू?

एकोणीस मिनिटं झाली होती. पुढच्या सीटवरची बाई हळूच मागे वळली.

"तू हेमराजनी बायको ना व?"

छायाने पदर आणखी खाली ओढला.

"वळखं नही? मी शोभाबाई. तुन्ही सासूनी मावसबहीण. पोरीकडे जाई ऱ्हायनू कतारगामले." म्हातारीने सीटच्या दांड्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला. "मी समदं ऐकं बेटा. माले बी काही सांगनं शे तुले. मन्ही सून…"

छायाचं डोकं आपोआप कलायला लागलं. ऐकताना कलतं तसं. अंगठा फोन बंद करायला सरकला. संध्याकाळपर्यंत हे कलाबाईच्या कानावर जाणार, यात शंका नव्हती. सुरतेत तिला लपायला एवढीशीही जागा नव्हती, ती सापडायचीही नव्हती. मग लपायचं तरी कशासाठी?

"थांबा, मावशी," ती म्हणाली. "मन्ही अकरा मिनिटं बाकी शेत. आधी मन्हं होऊ द्या."

शोभाबाई पुढे तोंड करून बसली नाही. पदर तोंडाला लावून तशीच मागे वळून बसली. फोनवर मॅडमचा नुसता श्वास ऐकू येत होता. छायाने डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि मला घरी जायची भीती वाटते, इथपासून पुन्हा सुरू केलं, या वेळी अहिराणीत, आणि मोठ्याने.