वसुताईचा फोटो

मंगळवारी सकाळी वसुताई देऊळघाटच्या शाळेत परिपाठ घेत होती. साडेदहाला ती खुर्चीत बसली. पावणेअकराला मला फोन आला. मी बुलढाण्याच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती एकोणपन्नास वर्षांची होती.

त्याला आता सात आठवडे झाले. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळते, स्वतः लिहायची सवय नाही. लिहिणारी ती होती. तिच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं पुष्कळांनी सुचवलं आणि मी टाळत राहिले, कारण ती गेली त्याच दुपारी मी तिच्या बाबतीत एक चूक केली होती. ती कबूल केल्याशिवाय मला तिच्याविषयी एक ओळही खरी लिहिता येणार नाही. पण ती चूक काय होती हे कळायला आमच्या घरातून सुरुवात करावी लागेल.

वसुताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती वडिलांवर गेली होती, रंगाने काळी. मी आईवर गेले. लहानपणी आई तिला साय आणि हरभऱ्याचं पीठ लावून घासायची, इतकी की तिचे कोपर लाल व्हायचे. पुढे तिला पाहायला पाहुणे येऊ लागले तेव्हा घरात एक पद्धत पडली. पाहुणे येणार त्या दिवशी मला सकाळच्या एसटीने धाड गावी मावशीकडे पाठवायचं. थोरलीला पाहायला आलेल्यांच्या नजरेस धाकटी पडायला नको, एवढंच त्यामागचं कारण. मावशी मला दारात पाहूनच ओळखायची. "पाहुने आले वाटते आज तुमच्याकडं? तरीच मनलं, बाजाराचा दिवस नसून पोरगी कशी आली!" मी पुस्तक उघडून बसायची. संध्याकाळी परत आले की वसुताई पोह्यांच्या बशा विसळत असायची. "काय झालं?" मी विचारायची. "पोहे आवडले त्याह्यले, शालू," ती म्हणायची. असं अकरा वेळा झालं. बाराव्यांदा निरोप आला तेव्हा तिने बाबांना सांगितलं, "आता पोहे शालूलेच करू द्या. मले शाळेत जायचं हाय." तिला नुकतीच नोकरी लागली होती. पुढे माझं लग्न झालं. तिने केलं नाही.

ब्लॉग तिने सुरू केला तो बसस्थानकाजवळच्या नेट कॅफेत बसून. त्याआधी दीड-दोन वर्षं ती तिथे नुसती वाचत होती. अमेरिकेतल्या काळ्या बायका आपापल्या ब्लॉगवर काय काय लिहीत होत्या ते तिला असंच शोधता शोधता सापडलं. केसांबद्दल, चामडीच्या रंगाबद्दल, नोकरीच्या मुलाखतीत केस सरळ करून जावं का याबद्दल, आपल्याच माणसांतसुद्धा उजळ पोरीला जास्त भाव कसा मिळतो याबद्दल. वसुताईचं इंग्रजी शाळेपुरतं. माझ्याकडून शब्दकोश नेला, तो कधी परत दिला नाही. एका दुपारी ग्रंथालयात आली आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "शालू, ह्या बायका कुठच्या कुठं ऱ्हातात अन् आपल्याच घरातलं लिहून राह्यल्या व माय! एकीची आत्याबी तिले उन्हात जाऊ देत नाही म्हंते." त्यांच्यातल्या एकीला तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. दहा दिवसांनी उत्तर आलं. तुमच्याकडेही हे असतं ते मला ठाऊक नव्हतं, त्या बाईने लिहिलं होतं. तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, मला वाचता येणार नाही, पण कुणीतरी लिहितंय हे मला माहीत असेल... वसुताईने ते उत्तर छापून घेतलं आणि हजेरीपटात ठेवलं.

तिच्या ब्लॉगचं नाव 'काळं रान'. पहिल्याच लेखात तिने लिहिलं होतं, की आमच्याकडे जमीन घेताना माणूस माती हातात घेऊन किती काळी आहे ते पाहतो, आणि सून आणताना तोच माणूस हात मागे घेतो. त्या लेखात धाडची एसटीही होती. मला वाटलं होतं ती नकारांबद्दल लिहील. तिने लिहिलं होतं, की पाहुण्यांच्या 'नाही'चं मला काही वाटत नसे. माझी बहीण पिशवी घेऊन मुकाट्याने दाराबाहेर पडायची तेव्हा मात्र मला माझी लाज वाटायची. मी ते ग्रंथालयाच्या संगणकावर वाचलं. त्या दिवशी मी कुलूप लावायलाही विसरले.

हळूहळू वाचणाऱ्या जमल्या. दुसरबीडची मंदा नावाची परिचारिका, पुण्यात नोकरी करणारी एक इंजिनिअर मुलगी, मेहकरकडचे एक कंडक्टर, ज्यांना त्यांच्या सख्ख्या मेव्हण्या 'कोळसा' म्हणत. पन्नास-साठ जण असतील, जास्त नाहीत. आपापलं सांगायचे, भांडायचेही. त्यांचा एक रिवाज वसुताईने घालून दिला होता. दर शनिवारी ज्याला वाटेल त्याने स्वतःचा एक फोटो टाकायचा, स्टुडिओने किंवा मोबाईलने उजळ न केलेला. खाली फक्त दोन गोष्टी लिहायच्या, कुठे होतो आणि काय करत होतो. आणि बाकीच्यांनी 'छान', 'गोड', 'सुंदर' असलं काहीही लिहायचं नाही. मी एकदा विचारलं, बिचारीने हौसेने फोटो टाकला तर छान म्हणायला काय हरकत आहे? "छान मनलं की परीक्षा सुरू झाली," ती म्हणाली. "मंग पुढच्या शनवारी दुसरीले काऊन नाही मनलं, याचा हिशेब. इथी कोनी पास नाही, कोनी नापास नाही. आलो, दिसलो, बस."

ती नेहमी बरोबर असायची असं नाही. एका वाचकाने भरात येऊन लिहिलं, की अमेरिकेतल्या काळ्यांचं आणि आपलं दुःख एकच. तिने तिथल्या तिथे थांबवलं: त्यांच्या आज्या-पणज्यांना विकलं गेलं होतं, मला पाहायला आलेले लोक पोहे खाऊन गेले, या दोन गोष्टी एका ओळीत लिहू नका, त्यांच्याकडून बोलायला शिका, त्यांची जखम मागू नका. यावर मंदाने लिहिलं, "ताई, हे पटलं. पण तुम्ही रंगाचं एवढं लिहिता, जातीचं काऊन नाही? मले कप येगळा देला तो काही मी काळी म्हणून नाही देला." आठ दिवसांनी वसुताईने आमच्या परसातल्या कोनाड्याबद्दल लिहिलं. शेतात कामाला येणाऱ्या बाईसाठी त्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप ठेवलेला असे. मी रोज साय लावून घेत होते आणि तो कप रोज पाहत होते, तिने लिहिलं, मला माझाच अपमान मोजता येत होता. आमच्या थोरल्या भावाने, दादाने, तो लेख वाचला आणि फोन करून ओरडला, "घराची इज्जत काऊन काढून राह्यली तू?" ती शांतपणे म्हणाली, "मी काय काढली रे? कोनाड्यातून कप काढला फक्त." दोघं पुढे वर्षभर बोलत नव्हती. मंदा मात्र तेव्हापासून तिला नुसतं 'ताई' न म्हणता 'माही ताई' म्हणू लागली.

आता त्या दुपारचं.

घरात माणसं जमत होती. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता, दादाने फोटोचं काम माझ्यावर टाकलं. माझ्या फोनमध्ये तिचा एक शनिवारचा फोटो होता. शाळेच्या व्हरांड्यात, हातात खडू, कपाळावर घाम, ऊन थेट तोंडावर. मी तो फ्लेक्सवाल्याला पाठवला. त्याचा फोन आला. त्याचा स्वभाव चांगला आहे, आवाजही हळू होता. "मॅडम, फोटो जरा साफ करून देऊ ना?" मी म्हणाले, "हो."

पुढचे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होते, की तो मागच्या भिंतीबद्दल विचारत असेल, फोटोवर पडलेल्या सावलीबद्दल विचारत असेल. नाही... मला माहीत होतं. आमच्याकडे 'साफ' म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत आहे. मी तिचा प्रत्येक लेख वाचला होता, तिची पहिली वाचक मी होते, आणि तरी त्या क्षणी माझ्या मनात आलं ते इतकंच, की चौकात शंभर लोक पाहतील, जरा बरी दिसू दे. मी तिला शेवटच्या वेळी पाहुण्यांसमोर बसवलं.

फ्लेक्स लागला. त्यावर एक गहूवर्णी, गुळगुळीत गालांची बाई होती. त्याच फोटोची चौकट करून आईच्या बैठकीत लागली, हार चढला. येणाऱ्या बायका आईला म्हणत, "किती प्रसन्न फोटो आला हो!"

तेरवीला मंदा आली, कंडक्टर काका आले, पुण्याची मुलगी आली. ते तिघेही एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. फोटोवरून मात्र लगेच ओळखलं एकमेकांना. काका म्हणाले, "तुम्ही तर फोटोत होत्या तशाच हाय की!" मंदा म्हणाली, "मंग? शनवारच्या फोटोत खोटं चालते का, ताई हाकलून देईन." दोघं हसले आणि मग रडू लागले. मंदा बैठकीत आली, हातात झेंडूची फुलं. इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ताईचा फोटो कुठी हाय?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. ती पाहत राहिली. "नाही हो," ती म्हणाली, "ताईचा."

तिला सगळं समजलं असावं. तिने फुलं फोटोला वाहिली नाहीत, खाली पाटावर ठेवली आणि आईच्या पाया पडून बाहेर गेली.

त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले, हा फोटो काढू आणि तिचा खरा लावू. आईने माझा हात घट्ट धरला. "नोको व. जलमभर त्या पोरीले लोकाह्यनं काळी काळी मनलं. मीच जल्म देला तिले तसा. एक फोटो चांगला आला तिचा, तोबी तू काढतं का? आता तरी राहू दे तिले गोरी." एवढी वर्षं आईने ती साय आणि ते पीठ कशासाठी घासलं, ते मला तेव्हा कळलं. ती स्वतःची चूक पुसत होती. मी फोटो तसाच राहू दिला.

पण मला झोप लागेना, काम सुचेना. पुढच्या शनिवारी मी ब्लॉग उघडला. माझ्या हातून काय झालं ते सगळं लिहिलं, 'हो' हा शब्दसुद्धा. त्याखाली तो व्हरांड्यातला फोटो टाकला, मुळातला, घामासकट, आणि रिवाजाप्रमाणे लिहिलं: देऊळघाटच्या शाळेत, पाढे लिहून देत होती. कुणी 'छान' लिहिलं नाही. कुणी मला माफही केलं नाही, रागेही भरलं नाही. त्या दिवशी एकामागून एक त्यांचेच फोटो येत राहिले. दुसरबीडच्या दवाखान्यात, इंजेक्शन देत होते. मेहकरच्या स्थानकावर, गाडीची वाट पाहत होतो. पुण्यात, आज कामावर गेले नाही...

महिनाभराने आईचा फोन आला. जेवण झालं का, पोरं कशी आहेत, हे नेहमीसारखं विचारून झालं. मग म्हणाली, "शालू, मी त्या फोटोपाशी बसतो रोज. दिवा लावतो. पन माह्या डोयात पानीच येत नाही व. दुसऱ्याच कोनाची पोरगी वाटते. रडू तरी कोनासाठी?"

मी त्याच दिवशी खरा फोटो मोठा करून घेतला. फ्लेक्सवाल्याने काही विचारलं नाही, मीच म्हणाले, "हात लावू नका." आईने आधीचा फोटो स्वतः खाली काढला आणि हा मांडीवर घेतला. पदराने काच पुसायला लागली. कपाळावरचा घाम पुसत असावी तशी पुसत राहिली, मग हात गालावर थांबला. "लय काळी हाय माही पोरगी," ती म्हणाली, आणि वसुताई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

चौकातला फ्लेक्स पंधरा दिवस होता. रस्त्याने जाणाऱ्यांनी तो पाहिला. त्यांच्यापुरती वसुताई गोरी होऊन गेली, आणि ते मला आता परत घेता येत नाही.

आईच्या बैठकीत तिचा फोटो आहे. 'काळं रान'वर नवा लेख नाही. शनिवारी फोटो येतात. वसुताई नाही.