एक नळी, बारा महिने

संदीप एकटाच केबिनमध्ये आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. हातात त्याच्याच तपासणीचा रिपोर्ट होता. मी बघितला. सगळं नॉर्मल.

"रूपाली कुठंय?" मी विचारलं.

"माहेरी हाय, मॅडम. कोऱ्हाळ्याला."

"अरे, तिला मी याच आठवड्यात सोनोग्राफीला बोलावलं होतं ना? बीज तयार व्हायचे दिवस आहेत हे."

"व्हय. पण ह्या महिन्यात आमची बारी न्हाय."

मी बारामतीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. केस पिकले या कामात. नवरा-बायकोच्या तोंडून मी नाही नाही ते ऐकलेलं आहे आणि एवढ्या तेवढ्यानं दचकत नाही. पण ही बारी माझ्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हती.

आधी या दोघांची हकीकत सांगते. संदीप आणि रूपाली बावड्याचे. ऊस, थोडं डाळिंब, घरात संदीपची आई. पहिल्यांदा दिवस राहिले ते गर्भपिशवीत न राहता उजव्या नळीत राहिले. बाईच्या पोटात गर्भपिशवी असते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय आणि एकेक नळी. अंडाशयातून बीज बाहेर पडतं, नळी ते उचलून घेते, तिथंच गर्भ तयार होतो आणि मग पिशवीत येऊन रुजतो. कधी कधी तो वाटेतच, नळीत, मुक्काम ठोकतो. नळी बोरूएवढी. ती किती ताणली जाणार? रूपालीची फुटली. पोटात रक्त साचलं. इंदापुरातल्या सर्जननं वेळ न घालवता ती नळी काढली म्हणून पोरगी वाचली.

त्यानंतर बराच काळ गेला, पण पुन्हा दिवस राहिले नाहीत, म्हणून ते माझ्याकडे आले. मी डाव्या नळीची तपासणी केली. पिशवीत औषध सोडून एक्सरे काढतात, नळी मोकळी असेल तर औषध पलीकडे सांडताना दिसतं. छान सांडलं. रूपालीचं रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. आता नवऱ्याचाही रिपोर्ट नॉर्मल. आणि तरी पाळणा हलत नव्हता. अशा वेळी डॉक्टरचीच चिडचिड होते, कारण बोट ठेवायला जागा सापडत नाही.

"कसली बारी?" मी विचारलं.

संदीपनं शांतपणे समजावून दिलं. त्यांची आणि चुलत्याची विहीर सामाईक. एक आठवडा मोटर यांची, एक आठवडा चुलत्याची. ज्याची बारी नाही त्यानं स्टार्टरला हात लावायचा नाही. भांडण नको म्हणून आजोबांनी घालून दिलेला नियम, तो अजून चालतो. तर बाईच्या पोटातही तसंच असणार. एक महिना उजवीकडचं बीज, एक महिना डावीकडचं. उजवीकडची नळीच नाही, म्हणजे ते महिने बाद. रूपालीचा नळीतला गर्भ ज्या महिन्यातला, तो उजवीचा. तिथून पुढं एकाआड एक मोजत जायचं.

"आणि बाद महिन्यात?"

"ती माहेरला जाती. म्हंजी चुकूनबी..." तो थांबला. "तुमाला कळलं असंल."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या सिस्टरला माहीत आहे, हे लक्षण बरं नसतं. ती दार ओढून बाहेर गेली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. मीच डोक्यानं काढलं."

"फार चाललं डोकं. एवढे महिने मी तुमच्या तपासण्या करतेय आणि तुम्ही निम्मे महिने घराला कुलूप लावून बसलाय? एका शब्दानं विचारायचं नाही?"

मला वाटलं, आता म्हणेल चुकलं. तो म्हणाला, "मॅडम, उजवीकडनं बीज आलं आन् त्येला न्यायला नळीच न्हाय, तर त्ये पोटात कुठंबी रुजंल की. मंग पुन्ना त्येच. त्या दिशी गाडीत ती माझ्या मांडीवर गार पडत चालली हुती. इंदापूर येस्तवर मी नुसता हाका मारत हुतो. ती ओ द्यायची बंद झाली. मला पोर पायजे, पण तसं न्हाय पायजे."

माझा राग तिथंच विरला. मी याला अडाणी हिशेबी समजत होते. हा बायकोला जपत होता. चुकीच्या माहितीवर, पण मनापासून. मला त्याचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही.

रागावून झालं होतं, आता समजावणं भाग होतं. मी उठून उभी राहिले. "हे बघ. मी म्हणजे गर्भपिशवी. हे माझे दोन हात म्हणजे दोन नळ्या. बोटं म्हणजे नळीच्या टोकाची झालर. अंडाशय म्हणजे माझ्या एप्रनचे खिसे. आता उजवा हात गेला असं समज." मी उजवा हात घडी करून छातीशी धरला. मग डावा हात पाठीमागून वळवून उजव्या खिशातलं पेन काढून दाखवलं. पन्नाशी उलटल्यावर हे सोपं नसतं. खांद्यातून कळ आली, पण पेन निघालं.

"नळी काही सिमेंटनं बसवलेली नसते. ती सैल असते, हलते. पिशवीच्या मागं दोन्ही बाजू जवळजवळ येतात. डावी नळी उजवीकडचं बीजही उचलू शकते. दर वेळी नाही, पण उचलते. आणि नाही उचललं तर ते विरून जातं. नुसतं बीज कुठं रुजत नाही."

"आन् बारी?"

"बारी नसते. अंडाशयांना आजोबांनी नियम घालून दिलेला नाही. कधी लागोपाठ तीन महिने एकाच बाजूनं, कधी आलटून पालटून. मनाला येईल तसं."

तो पेनाकडे बघत होता. "मॅडम, खिशातनं पेन निघालं त्ये बघितलं मी. पण मशीनवर दिसंल का?"

"नळी दिसत नाही. बीज कोणत्या बाजूला वाढतंय ते दिसतं. तुझ्या हिशेबानं या महिन्यात उजवीकडं ना? बोलव रूपालीला. उद्याच."

दुसऱ्या दिवशी ती आली. बरोबर संदीप, आणि सासूही. रूपाली आत गेल्यावर सासूनं मला दाराशी गाठलं. "मॅडम, माझं काय चुकतं का वो? पोरगी महिन्याआड माहेरला पळती. गावात बाया म्हंत्यात, सासू छळती. मी तिला ताटबी उचलू देत न्हाय." डोळ्यात पाणी होतं. पोरानं आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? मी म्हटलं, "मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक तुमच्या लेकाच्या गणितात आहे, आणि ती आज दुरुस्त होईल."

झाली. सोनोग्राफीत बीजाची पिशवी पाण्याच्या काळ्या थेंबासारखी दिसते. उजवं अंडाशय शांत. डावीकडं गोल, टपोरा थेंब. संदीपच्या हिशेबानं बाद असलेल्या महिन्यात.

मी कोपऱ्यात बाजूचं नाव टाकलं आणि स्क्रीन त्याच्याकडं वळवली. "ही कुठली बाजू?"

"डावी," तो हळूच म्हणाला.

रूपालीनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. "मंग एवढं दिस मी उगंच येष्टीनं हिंडत हुते व्हय?"

पुढच्या महिन्यात बघितलं तर पुन्हा डावीकडंच. संदीपनं मोजणं सोडलं. मीही त्यांना सांगितलं की आता दर महिन्याला मशीनकडं धावू नका, घरी राहा, दोघं एकत्र राहा, आणि पाळी चुकली की मात्र त्याच दिवशी फोन करा. एकदा गर्भ नळीत राहिलेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रूपालीकडं आता एकच नळी होती. ती गेली असती तर टेस्ट ट्यूबशिवाय मार्ग उरला नसता, आणि त्या गाडीतल्या प्रवासाची भीती वेगळीच. म्हणून दिवस राहिलेत ही बातमी अर्धीच असणार होती. उरलेली अर्धी म्हणजे, कुठं राहिलेत.

उसाला तोड लागली त्या सुमारास एका सकाळी फोन आला. रूपाली स्वतःच होती.

"मॅडम, कार्डावर दोन रेघा आल्यात." आवाजात आनंद नव्हता.

"पोटात दुखतंय? चक्कर? खांद्यात कळ?" नळी फुटून पोटात रक्त साचलं की खांदाही दुखतो.

"न्हाय. पण लई भ्या वाटतंय."

"साहजिक आहे. ये लगेच."

पहिल्या सोनोग्राफीत पिशवी रिकामी. एवढ्या लवकर ती रिकामीच दिसणार हे मला माहीत होतं, तरी डोळे डाव्या नळीच्या जागेभोवतीच फिरत होते. तिथं काही नव्हतं. उजव्या अंडाशयात मात्र एक गोष्ट दिसली, ती मी मनात ठेवली. या घडीला त्या माहितीचा कुणाला उपयोग नव्हता.

"काही दिसत नाही म्हणजे वाईट आहे असं नाही," मी दोघांना सांगितलं. "दोन दिवसांच्या अंतरानं रक्त तपासायचं. गर्भाचं हार्मोन नीट वाढलं तर चांगली खूण. नंतर पुन्हा बघू. तोवर बावड्याला जायचं नाही. दवाखान्याच्या जवळ राहायचं. दुखलं तर मला फोन करत बसू नका, थेट निघा."

जवळ म्हणजे माहेर, कोऱ्हाळे. यावेळी सासूही पिशवी भरून विहिणीच्या घरी मुक्कामाला गेली. आमच्याकडं सासू अशी सुनेच्या माहेरी राहायला जात नाही, लोक नावं ठेवतात. मावशी म्हणाल्या, "ठिवू द्या. गेल्या येळंला मी वावरात हुते, पोरगी घरात एकली तडफडली. आता तिच्या उशाशी बसणार."

रक्ताचे आकडे चांगले वाढले. पण हे आकडेही कधी कधी फसवतात. मी इतर पेशंट बघत होते, ऑपरेशनं करत होते, आणि अधूनमधून मोबाइल उलटा करून बघत होते. आम्ही डॉक्टर लोक काळजी करत नाही असा एक समज आहे. तो आम्हीच पसरवलेला आहे.

ठरल्या सकाळी तिघं आली. रूपाली टेबलावर झोपली आणि तिनं डोळे घट्ट मिटले. सिस्टरचा हात तिनं असा धरला होता की सिस्टरनं दुसऱ्या हातानं मला खूण केली, लवकर बघा. संदीप भिंतीला पाठ लावून उभा. मावशी दाराबाहेर.

मी बघितलं. पिशवीच्या वरच्या भागात, बरोबर मधे, एक छोटा गोल. त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. ठोके.

"आत आहे," मी म्हटलं.

"कुठं आत?" रूपालीनं डोळे न उघडता विचारलं.

"पिशवीत. जिथं असायला पाहिजे तिथंच. ठोके चालू आहेत."

"परत बघा."

परत बघायची काही गरज नव्हती. मी परत बघितलं. "पिशवीतच आहे गं."

मग तिनं डोळे उघडले आणि ती रडायला लागली, मोकळी, पोट हलेपर्यंत. मी प्रोब बाजूला ठेवला आणि तिला रडू दिलं. माझेही खांदे सैल झाले. इतके दिवस ते वर चढून बसले होते हे मला तेव्हा कळलं.

दार किलकिलं झालं. माझ्या दवाखान्यात दाराबाहेर उभ्या असलेल्या सासवा एकच प्रश्न विचारतात, 'काय हाय?' आणि माझ्याकडून खरपूस बोलणी खातात. मावशींनी विचारलं, "कुठं हाय, मॅडम?"

"जागेवर आहे, मावशी."

त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

मग मी मनात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. बीज ज्या अंडाशयातून सुटतं तिथं मागं एक खूण राहते, काही आठवडे दिसते. मी संदीपला स्क्रीनवर ती दाखवली. "ही बाजू कोणती?"

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. "उजवी."

"या बाजूला नळी आहे?"

"न्हाय." तो माझ्या एप्रनच्या खिशाकडं बघत राहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "म्हंजी डावीनं पार तिकडं जाऊन आणलं?"

"आणलं."

त्यानं बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसला. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

रूपालीला मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. दोघींना घेऊन ते बावड्याला गेले, आणि आजी गाडीत पुढं न बसता मागं नातीजवळ बसली.

तेव्हापासून 'सगळं नॉर्मल' असलेली फाइल हातात आली की मी हायसं वाटून घेत नाही. फाइल मिटवते आणि नवरा-बायकोला म्हणते, तुम्ही तुमच्या डोक्यानं घरी काय काय ठरवलंय, ते आधी सांगा. आधी एकमेकांकडं बघतात. मग दोघंही एकदमच बोलायला लागतात.